न विरजणारं दूध

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी सोनईच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू झालो. नवा होतो. पेनिसिलीन टोचलं की जंतू मेलाच, अशी माझी पक्की समजूत.

गावातल्या एका मावशींच्या म्हशीला दगडी झाली. कास सुजून टणक, एका सडातून गाठी. मी सडात पेनिसिलीनची ट्यूब सोडली, वर इंजेक्शनही टोचलं आणि बजावलं, "मावशी, हे दूध रतीबाला घालू नका. ओतून टाका."

"व्हय, टाकते की," म्हणत मावशी पदराआड हसल्या.

रोज इंजेक्शन चाललं होतं, कास काही मऊ होईना. अशात त्यांचे शेजारी, शाळेतले गुरुजी, दवाखान्यात आले. त्यांच्या घरी जनावर नव्हतं.

"डॉक्टर, दूध विरजत का नाही हो? जावई आलेत, श्रीखंडाचा बेत आहे. विरजण दोनदा बदललं, पातेलं घोंगडीत गुंडाळलं. सकाळी बघतो तर दूध जसंच्या तसं! आई म्हणते सुनेचा हात वाईट, बायको म्हणते सासूची नजर."

"दूध कुणाचं?" मी विचारलं आणि उत्तर येण्याआधीच मला हसू फुटलं.

गुरुजींना घेऊन मी मावशींच्या गोठ्यात गेलो. त्या जराही वरमल्या नाहीत. "हे गुरुजी गावभर सांगत हुते, माझ्या दुधात पानी हाय म्हनून. आता म्हनावं, पानी न्हाई, औशद हाय. तेबी फुकट!"

मी रागावलो. कुणाला बाधलं असतं तर? गुरुजींना मात्र वेगळाच प्रश्न पडला होता.

"म्हणजे तुमच्या औषधानं दह्याचे जंतू मेले?"

"हो."

"आणि म्हशीचे?"

मी कासेला हात लावला. दगडच. "ते जिवंत आहेत."

"मग नेमका इलाज कुणावर चाललाय?"

मावशी खो खो हसल्या. मला ते भलतंच झोंबलं. दुधाचा नमुना बर्फात घालून मी पुण्याला माझ्या जुन्या सरांकडे गेलो. सरांनी तपासून सांगितलं: स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू, आणि पेनिसिलीनला अजिबात दाद न देणारा. हे जंतू पेनिसिलीन तोडणारं रसायन बनवतात. ते बनवायची कृती डीएनएच्या एका सुट्या तुकड्यावर असते आणि तो तुकडा एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो.

परतल्यावर मावशींना मी हे माझ्या परीनं समजावलं. "शेजारणीकडून विरजण आणावं, तसं एक जंतू दुसऱ्याकडून ही युक्ती घेतो."

"म्हंजी त्यांच्यात शेजारधर्म हाय," मावशी गुरुजींच्या घराकडे बघत म्हणाल्या. "आमच्यापरीस बरं हाय की मग."

सरांनी सुचवलेलं दुसरं औषध नगरहून मिळालं. त्यानं सूज उतरली, पण गाठीचं सड आटलं ते आटलंच. उरलेल्या तीन सडांवर त्या म्हशीनं पुढं दोन वेतं दूध दिलं.