लेव्ही गॅनला मारलेली हाक

लेव्हीकाकांचा आवाज खर्जातला. ते गायला लागले की अख्ख्या बाकाची फळी थरथरायची. तरी त्या बाकावर त्यांच्या शेजारी तीस वर्षं कोणी बसलं नाही. मी बरोबर समोर, बायकांच्या बाकावर बसायचे, म्हणून ती रिकामी जागा मला दर वर्षी दिसायची आणि दर वर्षी माझं डोकं फिरायचं. गेल्या हिवाळ्यात काका वारले, तरी माझं डोकं अजून ताळ्यावर आलेलं नाही.

आमच्या अलाबामाच्या डोंगरातल्या चर्चात जूनच्या दुसऱ्या रविवारी दिवसभर गाणी चालतात. चारी बाजूंना बाकं, मध्ये मोकळी जागा. एकेकाचं नाव पुकारतात. तो मध्ये येतो, आपलं गाणं सांगतो, हाताने ताल धरतो आणि सगळे त्या हाताकडे बघून गातात. बेसूर माणसालाही बोलावतात, बोबड्या पोरालाही. आमच्या चुलत घराण्यातल्या बिलीचा ताल त्याच्या खेचरालाही पटला नसता, पण त्यालाही दर वर्षी मान. लेव्ही गॅन हे नाव तेवढं कोणी घेत नसे.

कारण उत्तर-दक्षिणेची लढाई. आमच्या राज्याने दक्षिणेची बाजू धरली तेव्हा काकांचा थोरला भाऊ एलम दक्षिणेच्या फौजेत गेला, आणि काका डोंगर उतरून उत्तरेच्या घोडदळात. ‘गुलाम ज्यांच्याकडे आहेत त्यांनी लढावं, मी कशाला मरू त्यांच्यासाठी?’ एवढंच त्यांचं म्हणणं. एलम मेला. माझा थोरला दीर जॅस्पर त्याच्याच तुकडीत होता, तोही मेला. काका मात्र जिवंत परत आले, आणि आले ते उत्तरेच्या फौजेचा निळा कोट घालून, कारण दुसरा कोटच नव्हता. पुढे तो कोट त्यांनी मक्यातल्या बुजगावण्याला चढवला, तरी गावाला तो काकांच्याच अंगावर दिसत राहिला.

त्यांच्या आईच्या मागे राहिलेली दगडाळ जमीन त्यांनी एकट्याने सरळ केली. दगड वेचून बांध घातले, मका लावला, रताळी लावली, थोडा कापूस. मुलगी कोणी दिली नाही. बोलायला एक खेचर. पण गाण्याच्या रविवारी दाढी करून, भाजलेल्या रताळ्यांची परात घेऊन ते सगळ्यांच्या आधी हजर. दुपारी ओकच्या झाडांखाली सगळ्यांचं जेवण एकत्र मांडतात. त्या रताळ्यांना मी आणि परगावचे पाहुणे सोडून कोणी हात लावत नसे, आणि उरलेली खेचराला जायची.

“काका, कशाला येता हो असल्या माणसांत?” फार वर्षांपूर्वी मी एकदा विचारलं.

“एलमसाठी,” ते म्हणाले. “मेलेल्यांची नावं घेतात ना, तेव्हा ज्याच्या त्याच्या घरचं माणूस उठून त्याचं गाणं चालवतं. एलमचं कोण चालवतं? तुझे सासरे. फार घाईत चालवतात, टेनी. एलम सावकाश गायचा. मला एकदा चालवायचंय. एकदाच. मग नाही बोलावलं तरी चालेल.”

नावं पुकारण्याचं काम माझ्या सासऱ्यांचं, रूफस टिडवेलांचं. मी त्यांचं डोकं खायचे. “मामंजी, एकदा बोलवा की त्यांना.”

“जॅस्परला विचारून ये,” ते म्हणायचे. “तो हो म्हणाला तर बोलावतो.”

पोरगा त्यांचाही गेला होता.

मग सासूबाई वारल्या आणि मामंजी जरा मऊ झाले. त्या जूनमध्ये मेलेल्यांची नावं घेताना ‘एलम गॅन’ म्हणाले, थांबले, खाकरले आणि म्हणाले, “लेव्ही गॅन.”

चर्चात बायकांच्या हातातले पंखे थांबले. काका पुस्तकात मान घालून एलमच्या गाण्याचं पान शोधत होते. मी समोरून हात हलवले, पण मान काही वर होईना. शेजारी कोणी असतं तर कोपराने ढोसलं असतं. शेजारी कोणीच नव्हतं. मामंजी लाल झाले आणि स्वतःच मध्ये येऊन त्यांनी ते गाणं चालवलं.

घरी जाताना गाडीत म्हणाले, “पाहिलंस? भर चर्चात नाही म्हणाला मला.”

“ऐकू नसेल आलं.”

“तीस वर्षं सूर चुकला नाही त्याचा, आणि नेमका आज बहिरा झाला?”

दुसऱ्या दिवशी मी काकांच्या शेतावर गेले. ते मक्यात खुरपत होते. कुंपणावरून घसा फुटेस्तोवर ओरडले, पण त्यांनी वळून पाहिलं नाही. खांद्याला हात लावला तसे दचकले, आणि मला कळलं. बाकाची थरथर आणि मधल्या माणसाचा हात, एवढ्यावर ते गात होते.

“कधीपासून?” मी कानाशी ओरडले.

“झाली बरीच वर्षं. कळणार कोणाला? बोलतं कोण माझ्याशी?”

“काका, काल तुम्हाला हाक मारली होती!”

त्यांच्या हातातलं खुरपं खाली आलं. “कोणी?”

“मामंजींनी.”

“रूफसने? स्वतः?” चेहरा असा उजळला की मला बघवेना. मग हळूहळू तो विझला. “आणि मी बसून राहिलो. म्हणजे त्याला वाटलं, मी नाही म्हणालो.”

त्याच संध्याकाळी टोपी हातात धरून ते आमच्या अंगणात उभे राहिले. मी मामंजींना काकांचे कान गेल्याचं सांगितलं, तर ते आतूनच म्हणाले, “सोंगं नकोत म्हणावं.” मी ते काकांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली.

“वर्षभरात उतरेल त्याचा राग,” म्हणाले. “तू समोर बसतेस ना? माझं नाव घेतलं की पंखा वर कर. मी तुझ्याकडेच बघत राहीन.”

पुढच्या जूनमध्ये मरणाचं उकडत होतं. बायकांच्या बाकावर झावळीचे पंखे सारखे हलत होते. मी माझा मांडीवर दोन्ही हातांनी दाबून धरला होता. काकांनी पुस्तक उघडलंच नाही. माझ्या पंख्यावरून त्यांनी नजर काढली नाही.

“वारा घे की गं, घामाने निथळतेयस,” शेजारीण म्हणाली. मी पंखा आणखी घट्ट दाबला.

मेलेल्यांची नावं सुरू झाली. ‘एलम गॅन’ आलं आणि मामंजी न थांबता मध्ये गेले. काकांनी मधल्या हाताकडे पाहिलंच नाही. भोवतीची तोंडं उघडलेली दिसली तशी त्यांनी सुरुवात केली आणि मधल्या हाताच्या तालाशिवाय, सावकाश गात राहिले. मामंजींनी गाणं संपवलं, सगळे थांबले. काकांना ते कळलं नाही. शेवटची ओळ त्यांनी एकट्याने पुरी केली, आणि त्यावर कोणी हसलं नाही.

ओळ संपली तरी ते माझ्या पंख्याकडे बघत होते. पुढची नावं येत राहिली, आणि संध्याकाळपर्यंत मी पंखा हलू दिला नाही.