सहा दिवस गैरहजर

माझ्या सासऱ्यांवर मी आयुष्यात एकदाच ओरडले, आणि त्यांच्या भल्यासाठी ओरडले. निदान तेव्हा तरी मला तसंच वाटलं होतं.

बाबा सैन्यातून परत आले आणि पुढे तीस वर्षं बस डेपोत टाइमकीपर होते. खिडकीमागे बसायचं आणि ड्रायव्हर-कंडक्टरांची हजेरी लावायची, एवढंच काम. पण डेपोतले जुने लोक अजून सांगतात की हा माणूस कुणाच्या नावापुढे 'गैरहजर' म्हणून लिहायचाच नाही. रकाना कोरा ठेवायचा, ड्यूटी संपली की सायकल काढायची, त्या माणसाच्या घरी जायचं, "का रे आला नाहीस?" विचारायचं आणि मगच काय ते लिहायचं. साहेब लोक अक्षरशः डोकं धरून बसायचे. घरात मात्र बाबा शब्दाला महाग. डावा पाय ओढत चालायचे. लग्न होऊन नवी नवी आले तेव्हा मी विचारलं, तर म्हणाले, "थंडीचं दुखतं." भर उन्हाळ्यात! मी मनात म्हटलं, बरं बाई, थंडीचं तर थंडीचं.

त्यांची एक गोष्ट मात्र माझ्या कधीच अंगवळणी पडली नाही. वर्षातल्या एका ठरावीक महिन्यात, नऊ ते चौदा तारखेपर्यंत, ते दुपारभर मागच्या खोलीत खुर्ची टाकून बसायचे. दार उघडं असायचं. आणि मधूनच, कुणी विचारलेलं नसताना, तारीख सांगायचे. "आज अकरा." जरा वेळाने पुन्हा, "अकरा." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा "काय म्हणालात, बाबा?" करत मी आत गेले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ते खाली फरशीकडे बघत होते, तिथे कुणी आडवं पडलेलं असावं आणि त्याने काही विचारलेलं असावं, तसे. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बाबांचं असंच असतं. मी लहानपणापासून बघतोय." धन्य तो मुलगा! कधी बापाला विचारलं नाही.

आमच्याकडे वर्षातून दोनदा आत्या यायची. सख्खी नाही. बाबांचा सैन्यातला जिवलग मित्र, ज्याला सगळे लंबू म्हणायचे, त्याची ही धाकटी बहीण. लंबू लढाईत गेला आणि बाबा तिचे दादा झाले ते कायमचे. ती त्यांच्यासाठी स्वेटर विणून आणायची, आणि दर वेळी एक बाही लांब व्हायची. "माझं माप बरोबर आहे, दादा, तुमचेच हात लहानमोठे आहेत," म्हणायची आणि स्वतःच खो खो हसायची. बाबा हसताना मी फक्त तेव्हाच पाहिलेत.

लंबूचा विषय निघाला की आत्याचं बोलणं ठरलेलं होतं. "नऊ तारखेला गेला. जागच्या जागी. पलटणीच्या साहेबांनी आईला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं होतं, क्षणाचाही त्रास झाला नाही म्हणून. बाराला माझं लग्न लागलं आणि पत्र आलं सतराला. लग्नात मी इतकी हसले होते गं! मागाहून स्वतःचीच लाज वाटली. पण मी हसत होते तेव्हा तो कुठे कण्हत पडला नव्हता, आधीच सुटला होता, एवढ्यावर मी जगले बघ." ती हे सांगायला लागली की बाबा पाणी प्यायला उठायचे. मला वाटायचं, तहान लागली असेल.

दोन वर्षांपूर्वी बाबांचं माजी सैनिकाचं ओळखपत्र नवीन करायचं होतं, म्हणून त्यांच्या सेवा-नोंदींची प्रत मागवली. मी शाळेच्या ऑफिसात आहे, शिक्षकांची सेवापुस्तकं माझ्याच हाताखालून जातात. नोंदीत चूक दिसली की मला जेवण गोड लागत नाही. इथे तर भलतंच होतं. लढाईत भाग घेतल्याचं पदक नाही. जखमी सैनिकाचं पदक नाही. आणि शेरा काय, तर 'नऊ ते चौदा, सहा दिवस विनापरवानगी गैरहजर'. त्याच्याखाली पंधरा तारखेला दवाखान्यात भरती, डाव्या पायातून लोखंडाचे तुकडे काढले. गैरहजेरीत झालेली जखम धरत नाहीत, आणि लढाईच्या वेळी माणूस जागेवर नव्हता म्हणून ते पदकही नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"बाबा, हे काय आहे?"

"असू दे."

"असू दे म्हणजे? पाय काय आपोआप फुटला? अर्ज करू, दुरुस्त करून घेऊ."

"राहू दे, पोरी."

आणि मग मी ओरडले. "पळून गेला होतात का तुम्ही?"

बोलले आणि जीभ चावली. बाबा म्हणाले, "लंबूजवळ होतो."

तुटक तुटक सांगितलं त्यांनी. नऊ तारखेला माघार घ्यायचा हुकूम झाला. लंबू पडताना तिघांनी पाहिला होता, तो गेलाच असं सगळे धरून चालले. बाबांना मात्र वाटेत त्याची हाक ऐकू आली आणि ते उलट फिरले. त्यांना उलट जाताना लोकांनी पाहिलं, म्हणून ते 'गैरहजर'. लंबूला हलवण्यासारखं नव्हतं. परत निघावं तर बाबांचाही पाय तेवढ्यात फुटला. चौदाला लंबू गेला. पंधराला बाबा सरपटत तळावर पोचले, तोवर साहेबांचं पत्र लंबूच्या आईकडे निघून गेलं होतं. साहेब भला माणूस. दवाखान्यात येऊन म्हणाले, "तुला हजर लिहितो. पण मग त्या माउलीला कळवावं लागेल, की तुझा मुलगा पाच दिवस पडून होता आणि आम्ही कुणी गेलो नाही." बाबा तेव्हा बावीस वर्षांचे. म्हणाले, "लिहा गैरहजर."

मी ढसाढसा रडले. मग डोळे पुसले आणि पुन्हा हट्टाला पेटले. "साहेब गेले, लंबूची आई गेली. आता कुणासाठी गप्प बसायचं?"

"तिच्यासाठी."

"आत्याला कोण सांगायला चाललंय? कागद तुमचा आहे."

मी लंबूची सगळी हकीकत अर्जात लिहिली, त्यांनी सही केली. माझ्या आवाजापुढे केली, असं मला आता वाटतं.

सात महिन्यांनी उत्तर आलं. साहेबांनी फाइलच्या आत टाचणीने एक चिठ्ठी लावून ठेवली होती, 'हा सैनिक जखमी साथीदाराजवळ होता, या सैनिकाच्याच विनंतीवरून त्याला गैरहजर दाखवत आहे'. इतकी वर्षं कुणी ती फाइल उघडली नव्हती. दोन्ही पदकं मंजूर! मी उभ्या उभ्या गिरकी घेतली. मग पत्राचं दुसरं पान उलटलं. त्या अनुषंगाने मृत सैनिकाची मृत्यूची तारीख नऊऐवजी चौदा करण्यात येत आहे. आणि खाली, 'प्रत: मृत सैनिकाची बहीण'.

हजारो पत्रांखाली मी स्वतःच्या हाताने 'प्रत' लिहिलीय. कुणाला काय पाठवायचं हे दुसऱ्यांना शिकवते मी! आणि एकाची तारीख हलली की दुसऱ्याची हलणार, हे माझ्या टाळक्यात आलं नाही. पदकांचं आता मला काही वाटेना. बाबांना या जगात हसवणारं एकच माणूस होतं आणि ते मी घालवते की काय, एवढीच धास्ती घेतली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी आत्या आली. हातात लिफाफा, पायात चपला तशाच. बसली नाही.

"दादा, बारा तारखेला तो शुद्धीवर होता?"

मी बाबांना डोळ्यांनी खुणावत होते. नाही म्हणा. एकदा नाही म्हणा.

"होता," बाबा म्हणाले.

"काय बोलला?"

"सारखी तारीख विचारायचा. तुझ्या लग्नाच्या दिवशी मरायचं नव्हतं त्याला. म्हणायचा, पोरीच्या सणाच्या दिवसाला माझा डाग नको, बारा उलटली की मी मोकळा."

आत्या मटकन खाली बसली. तोंडाला पदर लावून रडायला लागली. बाबा इथे थांबले असते तर ती रडून मोकळी झाली असती, त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं असतं. मी तिच्यासाठी पाणी आणायला वळलेसुद्धा. पण बाबा थांबले नाहीत.

"तेरा उजाडली. त्याने विचारलं. मी म्हटलं, बारा."

आत्याने वर बघितलं.

"तेरा म्हटलं असतं तर तो तेव्हाच गेला असता. मला कळत होतं. पण आसपास चिटपाखरू नव्हतं. मला एकट्याला राहायचं नव्हतं गं. तो 'बरं' म्हणाला आणि आणखी एक दिवस काढला. कसा काढला ते विचारू नकोस. चौदाला सकाळी मी खरं सांगितलं. 'नक्की ना?' म्हणाला. दोनदा विचारलं. मग गेला."

आत्या उठली, लिफाफा टेबलावर ठेवला आणि निघून गेली. मी फाटकापर्यंत मागे धावले. तिने मागे वळून पाहिलं नाही.

पदकं पार्सलने आली. झकास डबी, आत मखमल. बाबांनी पाहून घेतली, "छान आहेत," म्हणाले आणि डबी माझ्याकडे दिली. वर्ष गेलं. आत्या दोन्ही वेळा आली नाही. मागच्या खोलीतून तारीख ऐकू येते तेव्हा ती कुणाला सांगतात हे आता मला ठाऊक आहे, आणि मी त्या दारावरून जायचं टाळते.

परवा दुपारी तिचा फोन आला. मी म्हटलं, "आत्या! थांब, बाबांना देते."

"नको नको," ती घाईने म्हणाली. "देऊ नकोस. माझा राग नाही, बाळा. देवाशप्पथ नाही. बावीस वर्षांचं पोर होतं ते, जखमी, घाबरलेलं. मी कितीदा फोन हातात घेतला. पण दादांचा आवाज ऐकवणार नाही मला. माझ्या भावाने ती खोटी तारीख त्याच आवाजात ऐकली ना. तू सांग त्यांना, राग नाही म्हणून. आणि सांग की मी यायची नाही."

मी "हो" म्हणत राहिले. ती रडत होती, मीही रडत होते. फोन ठेवला आणि वळले, तर बाबा दाराला धरून उभे.

"कुणाचा होता?"

सगळं खरं कागदावर आणणारी मी. माझ्या तोंडून शब्द निघाला, "राँग नंबर."

बाबांनी मान हलवली. खुर्चीकडे परत जाता जाता थांबले.

"राँग नंबरशी एवढा वेळ बोललीस?"

"हो, बाबा," मी म्हटलं.