आमच्याकडे पाठ करून बसलेली गयाआत्या

अंगणवाडीत भात उरत नाही, किस्से मात्र उरतात. दुपारी पोरं घरी गेली की आम्ही दोघी-तिघी टीचर पाय पसरून बसतो आणि तेच तेच किस्से काढून हसतो. हसायलाही आता दम लागतो म्हणा!

हे किस्से तेलंगणातल्या तामसीकडच्या आमच्या गावातल्या किशोरी मुलींच्या मीटिंगचे. तेव्हा आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे नुकतेच चार तुकडे झाले होते. आम्ही कोणत्या ऑफिसखाली, हे ऑफिसलाही ठाऊक नव्हतं! नव्या सुपरवायझर मॅडम तेलुगूतले चार्ट देऊन गेल्या. "वयात येणाऱ्या मुलींना सगळं मोकळेपणाने सांगा." मोकळेपणाने! पहिल्या शनिवारी मी चार्ट लावला आणि सगळ्या मुली स्वतःच्या पायाची बोटं बघत बसल्या.

दारात गयाआत्या उभी. नवरा गेल्यावर ती भावाकडे राहायला आली आणि त्याच्या आई नसलेल्या लेकीला, कविताला, तिनेच वाढवलं. भाचीवर पहारा द्यायला आली होती. चार्ट दिसला तशी आमच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं आणि कापसाच्या वाती वळायला लागली.

"आत्या, या ना इकडे."

"मी कायी ऐकून नाई राह्यली. माई पाठ हाय तिकडं. चालू द्या तुमचं!"

पुढच्या प्रत्येक शनिवारी ती तशीच बसली.

*

एकदा मी सांगत होते, अठरा वर्षांच्या आत शरीर बाळंतपणाला तयार नसतं. भिंतीकडून आवाज आला, "मले सोळाव्यात झालं होतं. नाई वाचलं लेकरू."

वाती वळणारे हात थांबले नाहीत. त्या दिवशीची मीटिंग तिथेच संपली.

*

ऑफिसांच्या वाटणीत मुलींसाठी येणारे पॅड कुठेतरी अडकले. कविता दर महिन्याला शाळा बुडवायला लागली. मी तिच्या बापाला, विठ्ठलभाऊला, सरळच सांगितलं. त्याने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी मात्र बसने आदिलाबादला गेला आणि बियाण्याच्या रिकाम्या थैलीत पाकिटं लपवून आणली.

बसमध्ये शेजारच्या वावरवाल्याने थैली हेरली. "कोणतं बियाणं हाय, विठ्ठल?"

"तुया कामाचं नाई."

"काऊन नाई? तुयी जमीन सोन्याची हाय का?"

शेवटी विठ्ठलभाऊने थैलीचं तोंड उघडून दाखवलं. वावरवाल्याने आत डोकावून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "पुढच्या खेपेले माज्याबी घरी आण. तीन पोरी हायेत."

*

कविता दहावीत गेली आणि बसस्टँडवर एक पोरगा तिच्या मागे लागला. आमच्याकडे मुली असलं घरी सांगत नाहीत, सांगितलं की शाळा बंद! कविताने मात्र आत्याला सांगून टाकलं. दुसऱ्या सकाळी आत्या वातींचा डबा घेऊन स्टँडवर, त्या पोराच्या शेजारी!

तो चाचरला, "आत्या, कुठं निघाल्या?"

"शाळेत. दहावी राह्यली माई. तू कितवीत हायस?"

तो पुन्हा दिसला नाही.

*

पण गावात बोभाटा झालाच. भावकी विठ्ठलभाऊच्या मागे लागली, "उरकून टाक पोरीचं." परीक्षेच्या तोंडावर कविताला बघायला किनवटकडचे पाहुणे आले. कविताने मला बोलावून घेतलं.

मुलाचा बाप म्हणाला, "परीक्षेचं काय घेऊन बसले? याच उन्हाळ्यात बार उडवू."

मी म्हटलं, "पोरगी अठराची नाही. कायदा आहे."

"तो तुमच्या तेलंगणात, बाई. आमचा महाराष्ट्र हाय!"

कायदा दोन्हीकडे एकच, पण ऐकतो कोण! विठ्ठलभाऊ जमिनीकडे बघत होता. दाराआड कविताच्या बांगड्या वाजल्या.

गयाआत्याने चहाचा ट्रे खाली ठेवला. पाहुण्यांकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं, बसली आणि डबा उघडला.

"अठरा भरल्यावर या. चहा थंडा होऊन राह्यला, पिऊन घ्या."

पाहुणा उसळला. "विठ्ठलराव, तुमच्या घरात कोण बोलते?"

विठ्ठलभाऊने पहिल्यांदा मान वर केली. "ते बोलली तेच माजं म्हणणं."

पाहुणा माझ्याकडे वळला. "हे सारं तुमीच शिकवलं वाटते!"

भिंतीकडून आवाज आला, "बाईले काऊन बोलता? मी तं कायीच नाई ऐकलं. माई पाठ होती तिकडं!"