सलग वाजणारी धून

संगीत अमर असतं, असं सभागृहांतून सांगितलं जातं. सांगणाऱ्यांनी टीव्हीला जोडायच्या स्वस्त व्हिडिओ गेमचं संगीत ऐकलेलं नसावं. कूलरला नवा वाळा लावला, की त्या वासासरशी मला हिंगणघाटच्या घरातली एक दुपार आठवते. धाकटा भाऊ वारून वर्ष झालं होतं. लहानपणी उन्हाळाभर तो ज्या गेमपुढे बसायचा, त्यातली धून मी लॅपटॉपवर पुन्हा बांधली होती; जुन्या गेमच्या चिपचा आवाज हुबेहूब काढणारं एक सॉफ्टवेअर मिळालं होतं. आईला नीट ऐकू यावं म्हणून कूलर बंद केला. घामाने थबथबत ती ऐकत राहिली. "तेच व्हय," ती म्हणाली, "पण हे तं सलग वाजून राह्यलं. तवा मंधामंधात तुटे." मी ऐटीत समजावलं, की त्या चिपला एका वेळी मोजकेच सूर जमायचे, भावाने बटण दाबून गेममध्ये उडी मारली, की उडीच्या आवाजापायी धुनेतला एक सूर गप्प व्हायचा. "मोठा आला मास्तर," आई म्हणाली. मग पदराने तोंड पुसून हळूच बोलली, "म्हंजे आता कोनी उड्या मारून नाई राह्यलं." मी पुढचं भाषण गिळलं आणि धून थांबवायला हात पुढे केला. "राहू दे," ती म्हणाली, "वाजू दे त्याले." आजही ती धून मला पुरती ऐकवत नाही. त्या दिवशीही आम्ही ती पुरती ऐकली नाही: सॉफ्टवेअर फुकटचं होतं, आणि फुकटच्या आवृत्तीत आवाज थोड्या वेळाने आपोआप बंद होतो.