एर्मिनियाचे तीन कार्ब्युरेटर

एर्मिनिया गोन्यीच्या फाटकातून हाक न मारता आत शिरायची कोरोनेल इबार्रा गावात कुणाची टाप नव्हती. कुत्रा नव्हता तिच्याकडे. गरजच नव्हती. गवत कापायचं यंत्र दुरुस्तीला घेऊन आलेल्या पाद्रीबाबांनाही तिनं एकदा सुनावलं होतं, "पातं दगडावर घासलंत तुम्ही, आणि आता देवाच्या मर्जीवर ढकलताय होय?" बाई साठी ओलांडलेली, अंगानं काटकुळी, तोंडानं फटकळ, आणि राग म्हणाल तर बारमाही.

आणि का नसावा राग? एके काळी त्या सगळ्या पट्ट्यात कार्ब्युरेटर लावावा तर एर्मिनियानं. सहा सिलिंडर एका रांगेत असलेली जुनी शेवरले इंजिनं घेऊन लोक तिच्या दारात ताटकळत बसायचे. तिची धाकटी बहीण निल्दा. निल्दाचा नवरा ओस्मार बेर्तोलोत्ती शर्यतीत गाडी पळवायचा. त्याच्या दोन दारांच्या कूपे गाडीसाठी एर्मिनियानं स्वतः लाकडाचा साचा कोरला, ओतशाळेत उभं राहून इंजिनात हवा-पेट्रोल नेणारं ॲल्युमिनियमचं लांबलचक मॅनिफोल्ड ओतून घेतलं आणि कंपनीच्या एका कार्ब्युरेटरच्या जागी तीन बसवले. गावच्या शर्यतीत शेवटच्या फेरीला ओस्मार सगळ्यांच्या पुढे होता. धान्याच्या कोठारांपाशी वळणावर गाडी बंद पडली. लाउडस्पीकरवाल्यानं विचारलं काय झालं, तर हा पठ्ठ्या म्हणाला, "कार्ब्युरेटरनी घात केला. मेहुणीवर विश्वास टाकला, तीच चूक."

झालं. इंजिन तिच्याकडे परत आलं तेव्हा तिनं उघडून पाहिलं. कार्ब्युरेटर स्वच्छ, पेट्रोल व्यवस्थित. मात्र व्हॉल्व्ह उचलणाऱ्या सळया केळ्यासारख्या वाकलेल्या. म्हणजे यानं घाईत तिसऱ्याऐवजी दुसरा गिअर टाकला होता आणि इंजिन झेपणार नाही इतकं फिरून, किंचाळून मेलं होतं. तिनं त्या सळया घेऊन गावभर दाखवल्या. कोण ऐकतं? जिंकता जिंकता हरलेल्या गड्याचं ऐकायचं, की ग्रीस माखलेल्या बाईचं? बारमध्ये बाटलीचं बूच निघेना की लोक म्हणायचे, "एर्मिनियानं बसवलंय वाटतं!" आणि खो खो हसायचे. गिऱ्हाईक गळत गेलं, शेवटी तिनं दुकानाची पाटीही उतरवली. उरली ती गवत कापायची यंत्रं आणि फवारणीचे पंप.

निल्दा मात्र यायची. बहिणीच्या स्वयंपाकघरात बसून वाळक्या भोपळीच्या पेल्यातला माते, तिकडचा कडू चहा, नळीनं ओढत म्हणायची, "जाऊ दे गं एर्मी. मनाला किती लावून घेशील?" एर्मिनियाला वाटायचं, बिचारीलाही नवऱ्यानं तेच खोटं सांगितलंय. तिनं निल्दाला कधी दोष दिला नाही. तिचा राग सगळ्या गावाला पुरून उरायचा, पण बहिणीच्या वाट्याला तो कधी आला नाही.

अशी तीस वर्षं गेली आणि गावच्या मोटार क्लबाला जुन्या गाड्यांची फेरी काढायची हुक्की आली. अट एकच, गाडी जशी त्या काळी पळाली तशीच हवी. ओस्मारची कूपे शेडमध्ये झाकलेली होती, पण मॅनिफोल्ड आणि तिन्ही कार्ब्युरेटर एर्मिनियानं तेव्हाच उतरवून कपाटात ठेवले होते. निरोप घेऊन अर्थातच निल्दा आली.

"डॉक्टरनं त्याला गाडी बंद कर म्हणून सांगितलंय. हे शेवटचं. दे ना गं बसवून."

"देईन," एर्मिनिया म्हणाली.

निल्दा चपापलीच. इतक्या पटकन हो येईल असं तिला वाटलं नव्हतं.

"फेरी सुटायच्या आधी त्यानं लाउडस्पीकरवर सांगायचं. गिअर मी चुकवला, कार्ब्युरेटर ठीक होते. एवढंच. पैसा नको, फुलं नकोत, रडारड नको. मरायच्या आत मला माझं नाव परत पाहिजे, निल्दा."

निल्दानं हातातली मातेची भोपळी खाली ठेवली. मग म्हणाली, "सांगेल. माझा शब्द."

निल्दाला शेजारी बसवून, कंपनीच्या जुन्या कार्ब्युरेटरवर ओस्मार गाडी घेऊन आला तो टोपी तिरकी घालून.

"काय मेहुणीबाई, अजून आहेस का?"

"तुला पोचवल्याशिवाय कशी जाऊ? गाडी आत घे, आणि तोंड बाहेर ठेव."

काम चाललं तसे दोघांचे टोमणेही चालले. शेवरलेच्या या इंजिनात हवा आत नेणारं मॅनिफोल्ड आणि धूर बाहेर काढणारं मॅनिफोल्ड शेजारी शेजारी बसतात, आणि एकच जाड वायसर दोघांच्या कडा दाबून धरतो. एर्मिनियानं ओतून घेतलेल्या मॅनिफोल्डची कड जाड, धुराच्या मॅनिफोल्डची पातळ. वायसर सरळ आवळला तर तो जाडावर टेकून बसतो, पातळ कड सुटी राहते. म्हणून ती एकेक वायसर कानशीनं पायरीसारखा घासत होती, लावून बघत होती, पुन्हा घासत होती.

"लग्नाची अंगठी करतेयस का?" ओस्मार म्हणाला. "आवळ नि मोकळी हो."

"आवळून मोकळं व्हायची सवय तुझी. म्हणून तर कोठारांपाशी उभा राहिलास."

त्यानं चिडून पाना उचलला आणि कडेच्या बोल्टाला लावला. एर्मिनियानं कानशीची मूठ त्याच्या बोटांवर हाणली.

"आई गं! वेड लागलंय का तुला?"

"मधून बाहेर आवळत जायचं. कडेपासून सुरुवात केलीस तर धुराचं मॅनिफोल्ड तडकेल. मग नाव कोणाचं घेशील? माझंच ना, मेल्या?"

तो बोटं चोखत बसला. निल्दानं त्याला ओलं फडकं आणून दिलं.

इंजिन चालू झालं तेव्हा एर्मिनियानं सगळ्या जोडांवर रॉकेलचे थेंब सोडले. कुठे फटीतून हवा ओढत असती तर आवाज बदलला असता. बदलला नाही. मग तिनं बागेच्या नळीचा तुकडा घेतला, एक टोक कानात, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. पहिला जोरात फुसफुसत होता, तिसरा मंद. स्क्रू जरा इकडे, जरा तिकडे. पुन्हा कान. तिघांची फुसफुस सारखी झाली आणि इंजिनानं असा काही सूर धरला की ओस्मारनं नकळत टोपी काढली.  एर्मिनियालाही बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच संताप आला.

"आणि हे ऐकून ठेव," ती बॉनेट आपटत म्हणाली. "मॅनिफोल्ड माझं, कार्ब्युरेटर माझे. बोललास तर कायमचे तुझे. नाही बोललास तर तिथल्या तिथे उतरवून घेईन."

"बघू."

"बघू काय?" निल्दा घाईनं म्हणाली. "बोलेल गं तो."

फेरीच्या दिवशी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. शेगडीवर चोरिपानसाठी, म्हणजे पावात घालून खायला, सॉसेज चरचरत होते, बँडवाले बेसूर वाजवत होते. लाउडस्पीकरचा एवारिस्तो, तोच जुना, आता दात नसलेला, प्रत्येक गाडीपाशी जाऊन मालकाला बोलतं करत होता. ओस्मारची कूपे पहिली. इंजिन चालू होतं आणि माणसं बोलता बोलता थांबून ते ऐकत होती. एर्मिनिया धुतलेला ॲप्रन घालून पुढच्या चाकापाशी उभी. आयुष्यात पहिल्यांदा ती गावात कुणावर खेकसली नव्हती.

ओस्मारनं माइक घेतला.

"मंडळी, तीस वर्षांपूर्वी या बाईनं माझी शर्यत घालवली. पण माणसानं मनात धरू नये. मी तिला माफ केलंय! पुन्हा एक संधी दिली. आणि या खेपेला काम बरं केलंय हो तिनं!"

टाळ्यांचा कडकडाट. कुणीतरी ओरडलं, "काय मन आहे तुझं, ओस्मार!"

एर्मिनियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माफ केलंय? यानं? तिला? आणि आता करायचं तरी काय? गाडी वाटेत बंद पडली तर हा पुन्हा खरा. गाडी झकास पळाली तर याची माफी खरी. इकडे आड, तिकडे विहीर. तिनं खिडकीतून हात घातला, चावी फिरवून काढून घेतली आणि बॉनेट उघडलं.

"ए, काय करतेस?"

"माझी वस्तू घेऊन जाते."

तिनं ॲप्रनच्या खिशातून पाना काढला. एकेका कार्ब्युरेटरला दोन नट. पेट्रोलची नळी सोडवली, पहिला नट सुटला.

"आत्ताही बोल," ती खालच्या आवाजात म्हणाली. "एक वाक्य. परत बसवते."

ओस्मार तिच्या कानाशी वाकला. हसू गेलं होतं त्याचं. "ते बोललो तर माझ्याकडे राहतं काय, एर्मिनिया? या गावात मी म्हणजे ती शर्यत."

"माझ्याकडे काय ठेवलं होतंस रे?"

तो सरळ झाला आणि माइकमध्ये ओरडला, "बघा मंडळी! तेव्हाही दगा, आत्ताही दगा! जळतेय बाई!"

लोक खवळले. "म्हातारे, घरी जा!" "हाकला रे तिला!" कुणीतरी अर्धा खाल्लेला पाव फेकला, तो तिच्या पाठीवर बसला. तिनं वळून पाहिलं नाही. पहिला कार्ब्युरेटर उतरला, दुसरा उतरला. बोटं भाजत होती. हुर्यो वाढत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रागाचं म्हणा हवं तर.

तेवढ्यात लाउडस्पीकरवर बाईचा आवाज आला.

"पुरे! पुरे करा!"

माइक निल्दाच्या हातात होता. ओस्मार तो हिसकायला धावला, तिनं त्याला कोपरानं ढकललं.

"गिअर यानंच चुकवला होता. एर्मीचे कार्ब्युरेटर ठीक होते. त्याच रात्री माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडत सांगितलं होतं यानं, तिसऱ्याऐवजी दुसरा पडला म्हणून. तिला पाव कसले मारताय? मारायचा तर याला मारा."

हाकला म्हणणारे मागे सरले. बँडवाल्यांनी वाद्यं खाली घेतली. ओस्मार गाडीच्या पायरीवर मटकन बसला, त्याच्याकडे कुणी बघेना. सगळे बघत होते एर्मिनियाकडे. आता बाई काय बोलते, कशी मान ताठ करते, कुणाकुणाचा उद्धार करते.

तिनं पाना खाली ठेवला.

"त्याच रात्री?"

"हो गं एर्मी."

"म्हणजे मी दुकानाची पाटी उतरवली तेव्हा तुला ठाऊक होतं. शिडी तूच धरली होतीस, निल्दा."

निल्दाच्या हातातला माइक चालूच होता. शब्द न् शब्द चौकभर ऐकू जात होता.

"काय करणार होते मी? नवरा होता माझा. गावानं त्याला जगू दिलं नसतं."

"मला दिलं?"

एवारिस्तो पुढे झाला. "एर्मिनियाबाई, आता परत बसवा. खरं काय ते कळलं सगळ्यांना. आता गाव तुमच्या नावानं टाळ्या वाजवेल."

मागं कुणीतरी खरंच टाळ्या वाजवायला लागलं. आणखी दोघे-तिघे. मग पुष्कळ. तीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर उभं होतं, आणि एर्मिनियाला त्यातलं काहीही नको होतं. तिनं तिसऱ्या कार्ब्युरेटरचे नट सोडवले आणि तिन्ही ॲप्रनमध्ये घेतले. मॅनिफोल्ड तसंच राहिलं.

निल्दानं गळ्यातला रुमाल पुढे केला. "भाजेल गं. दे माझ्याकडे."

"तो गावासमोर खोटं बोलला," एर्मिनिया म्हणाली. "तू माझ्या स्वयंपाकघरात बसून गप्प राहिलीस. हो बाजूला."

निल्दा बाजूला झाली.