रानडुकरांचा खेळ

दादा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी मांजरसुंब्याच्या फाट्यावर गाडीची वाट बघत उभी होते. त्यालाच भेटायला निघाले होते...

विनायकदादा सिरसाळ्यात टायपिंगचे क्लास चालवायचा. लोकांना त्याची ओळख एवढीच. पण त्याच्या पंचविशीत आखातातल्या मामांनी त्याला एक छोटा कॉम्प्युटर आणून दिला होता. रबराची बटणं, टीव्हीला जोडायचा, आणि प्रोग्रॅम कॅसेटवरून चढवायचा. त्यावर दादानं हिवाळाभर खपून एक खेळ लिहिला. ज्वारीच्या रानात चहूबाजूंनी डुकरं घुसतात आणि गोफणवाला माणूस त्यांना हाणतो. डुकरं वाढतच जातात. "दादा, ह्यात जिंकायचं कसं?" मी विचारलं होतं. "जिंकायचं न्हाई, शोभे. किती वेळ टिकलीस तेवढंच." मी दुपारभर टीव्हीसमोरून हलत नसे. आई चुलीपुढून म्हणायची, "लई झालं आता, डोळे जातील."

ती कॅसेट घेऊन तो पुण्याला एका कंपनीत गेला. तिथल्या साहेबांनी ती हातातही घेतली नाही. असली मशिनं आता बंद झाली, म्हणाले. दादा परत आला, कॉम्प्युटर ट्रंकेत ठेवला आणि पुन्हा एक ओळ लिहिली नाही.

गेल्या वर्षी अर्धांगानं त्याचा उजवा हात गेला. तेव्हा पहिल्यांदाच त्यानं लेकीला, मेघनाला, तो खेळ दाखवायचं काढलं. मी तिथंच होते. टेपरेकॉर्डर सुरू झाला आणि फीत आत गुंतली. दादानं डाव्या हातानं ओढली, तशी तुटली. दुसरी प्रत नव्हती...

"राहू दे, जोडून घेऊ," मी म्हणाले.

"काय जोडतीस आता," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

तेराव्यानंतर मेघनाला त्याची वही सापडली. सगळा प्रोग्रॅम त्यात हातानं लिहिलेला. जुन्या कॉम्प्युटरसारखं चालणारं सॉफ्टवेअर शोधून तिनं पंधरा दिवस ओळन् ओळ लॅपटॉपवर उतरवली. शेवटची पानं मात्र वाळवीनं खाल्ली होती. परवा तिनं मला बोलावलं. पडद्यावर ज्वारीचं रान आलं, मधोमध गोफणवाला उभा राहिला. डुकरं आली नाहीत. मी सगळी बटणं दाबून पाहिली. माणूस हलला नाही.

"आत्या, पुढचं काही आठवतं का तुला?"

खेळ सगळा आठवत होता. पण तो लिहायचा कसा, हे एकट्या दादाला येत होतं.

"न्हाई गं," मी म्हणाले.

थोडा वेळ आम्ही दोघी त्या उभ्या माणसाकडे बघत बसलो. मग मेघनानं लॅपटॉप मिटला.