पिंटो क्रीकवरून दोन फेऱ्या

वर्ना स्ट्राउड चौऱ्याहत्तर वर्षांची, तिचं विमान सत्तावन्न सालचं. दोघांत जास्त खडखड कोण करतं, यावर अमेरिकेतल्या आयडाहोच्या डोंगरांत एकमत नव्हतं. दर ऑगस्टला तंबू, बिडाची कढई आणि व्हिस्की घेऊन ती पिंटो क्रीकच्या गवताळ धावपट्टीवर उतरायची. तिथे गाडीरस्ता नाही. एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला नदी. चुकलात तर देवच वाली.

यंदा सोबत मुलगा डेल होता. आईच्या मायेनं आला म्हणाल तर नाव काढू नका. पठ्ठ्यानं विमानाला गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं. "एक चूक दाखव, किल्ली देते," असं वर्नानंच त्याला बजावलं होतं.

दोन दिवस मासे तळण्यात गेले. तिसऱ्या दिवशी भर दुपारी डेल म्हणाला, "आई, आत्ताच निघू. सकाळी मला ऑफिसात पोचायचंय."

"दहानंतर इथून कुणी निघत नाही. हवा तापली की पातळ होते, विमान उचलत नाही."

"विमान उचलत नाही, की तुला उचलवत नाही?"

झालं, म्हातारी पेटली. इतक्या वर्षांची अक्कल तिनं तंबूबरोबर गुंडाळून ठेवली. सामान काट्यावर तोललं आणि डेलला विचारलं, "तुझं वजन?"

"एकशे नव्वद पौंड."

तिनं त्याच्या पोटाकडे पाहिलं आणि तेवढंच लिहिलं. आईच्या डोळ्याला पोरगं वाळलेलंच दिसतं, त्याला काय करणार.

शेजारच्या तंबूतला एमेट खुर्ची टाकून बसला. कुणी निघालं की कागदी ताटलीवर गुण लिहून दाखवायचे, हा तिथला जुना चावटपणा.

धावपट्टीच्या मध्यावर एक पांढरा टायर आहे. तिथवर ठरलेला वेग आला नाही तर थांबायचं, मग विमानात खुद्द राष्ट्राध्यक्ष का असेना. विमान धावत सुटलं; टायर आला, वेग आला नाही. थांबली तर किल्ली जाणार, हे वर्नाला पक्कं ठाऊक होतं. तिनं इंजिनाचा जोर कमी केला आणि ब्रेक दाबले. नदीच्या दगडगोट्यांपासून वीस पावलांवर विमान थांबलं. एमेटनं ताटली वर केली: शून्य.

डेलचा चेहरा पांढराफटक पडला होता, तरी हात पुढे आलाच. "किल्ली."

तिनं दिली. "आता खरं वजन सांग."

त्यानं पोटावरचा पट्टा सोडला. "दोनशे चाळीस."

"शाबास. विमान तुझं झालं, आता तूच चालव."

डेलनं किल्ली परत तिच्या मांडीवर ठेवली.

"उद्या सकाळी दोन फेऱ्या करीन," वर्ना म्हणाली. "आधी सामान, मग तू."

"सामान आधी का?"

"सामान वजनाबद्दल खोटं बोलत नाही."

सकाळी सहाला ती गेली. दीड तासात येते म्हणाली होती. पायवाटेनं गाव तीन दिवसांवर. दोन तास झाले तरी आकाशात काही नाही. आईला आता विमान झेपत नाही, असं गिऱ्हाइकाला तीनतीनदा सांगून बसलेला डेल गवतात उभा होता, मान वर करून, आणि तिला ते झेपू दे म्हणून आयुष्यात पहिल्यांदा देवाच्या विनवण्या करत होता.